लिलावातील गिफ्ट कार्ड आणि त्यामागचा क्रमांक

गिफ्ट कार्ड हे दुकानाने किंवा कंपनीने आगाऊ पैसे घेऊन दिलेले वचन असते. अमुक क्रमांकावर जितकी रक्कम जमा असेल तितक्या किमतीचा माल तो क्रमांक सादर करणाऱ्याला मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. कार्डावर धारकाचे नाव किंवा सही बहुधा नसते, आणि ऑनलाइन खरेदीत तर प्लॅस्टिकचा तुकडा हाती असण्याचीही गरज पडत नाही. क्रमांक आणि मागच्या बाजूला खरवडायच्या पट्टीखाली छापलेला पिन ठाऊक असला की पुरते. भेट देणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना सोयीची असली, तरी ऑनलाइन लिलावात तीच खरेदीदाराच्या मुळावर येते. जुने घड्याळ किंवा कॅमेरा विक्रेत्याच्या घरातून निघाला की त्याच्याकडे राहत नाही, पण क्रमांक पाठवल्यावरही पाठवणाऱ्याजवळ तो जसाच्या तसा उरतो, आणि तो आधी कोण वापरणार याची एक छुपी शर्यत सुरू होते.

अनोळखी माणसांमध्ये व्यवहार घडवून आणण्याची जी पद्धत या लिलावांनी रूढ केली, ती अशा मालासाठी घडवलेलीच नव्हती. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाने जे संकेतस्थळ सुरू केले आणि जे पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर गाजले, तेथे १९९६ पासून खरेदीदार आणि विक्रेता परस्परांविषयी अभिप्राय नोंदवू लागले, आणि हा अभिप्रायांचा साठाच विक्रेत्याची पत ठरू लागला. पार्सल उघडल्यावर खरे-खोटे कळते अशा मालाच्या बाबतीत ही व्यवस्था पुष्कळ अंशी चालते. गिफ्ट कार्ड मात्र पोहोचते त्या दिवशी पूर्ण रक्कम दाखवू शकते, खरेदीदार समाधानाने चांगला अभिप्राय देऊन मोकळा होतो, आणि आठवड्याभरात शिल्लक शून्यावर येते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, मालाची खरी अवस्था विक्रेत्यालाच ठाऊक असते तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो. लिलावातील गिफ्ट कार्डांना हे विवेचन तंतोतंत लागू पडते.

फसवणुकीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे वापरून संपलेले कार्ड भरलेले म्हणून विकणे, आणि तो लवकर उघडकीस येतो. त्याहून घातक प्रकार चोरीच्या क्रेडिट कार्डाचा आहे. चोर दुसऱ्याच्या क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्डे विकत घेतो आणि लिलावात स्वस्तात विकून त्यांची रोकड करतो. मूळ क्रेडिट कार्डधारकाला आपल्या मासिक विवरणात तो खर्च दिसतो, तो बँकेकडे तक्रार करतो, आणि बँक दुकानाकडून ती रक्कम परत वळवून घेते, ज्याला ‘चार्जबॅक’ म्हणतात. पैसे गेल्यावर दुकान ते गिफ्ट कार्ड रद्द करू शकते. या साखळीत दुकान, बँक आणि मूळ कार्डधारक यांच्यापाशी आपापली कागदपत्रे असतात, शेवटच्या खरेदीदारापाशी मात्र रद्द झालेला क्रमांक तेवढा उरतो. तोवर विक्रेत्याचे खातेही बहुधा बंद झालेले असते.

तिसऱ्या प्रकारात प्रामाणिक विक्रेताही नकळत सामील होऊ शकतो. अमेरिकेतील दुकानांत गिफ्ट कार्डे मांडणीवर उघडी टांगलेली असतात, कारण गल्ल्यावर पैसे भरून कार्ड ‘सक्रिय’ केले जाईपर्यंत त्यांना काहीच किंमत नसते. चोर ती कार्डे उचलून नेतो, मागची चंदेरी पट्टी खरवडून पिन टिपून घेतो, तशाच दिसणाऱ्या पट्टीचा स्टिकर वर चिकटवतो आणि कार्ड पुन्हा मांडणीवर आणून ठेवतो. पुढे संगणकाकरवी शिल्लक वारंवार तपासत राहून, कोणी त्यात पैसे भरताच ते उपसून घेतो. पट्टीच्या कडा किंचित उचललेल्या किंवा वेष्टन पुन्हा चिकटवल्यासारखे दिसणे ही त्याची खूण असते, पण लिलावातल्या छायाचित्रात ती दिसणे कठीण. मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये गिफ्ट कार्डांना सुरक्षित वेष्टन बंधनकारक करणारा कायदा केला, तो याच चोरीमुळे.

भुलवणारी गोष्ट अर्थातच किंमत असते. भेट मिळालेले, पण उपयोगाचे नसलेले कार्ड थोड्या सवलतीत विकणारे लोक असतात, आणि त्या सगळ्यांना चोर ठरवणे अन्यायाचे होईल. तरी १०० डॉलरचे कार्ड ६० डॉलरला सहज मिळू लागले, तर विक्रेत्याला ते फुकट पडले असावे अशी शंका घेणे रास्तच आहे. उलट दिशेची चूकही लिलावात घडते. उल्रिके माल्मेंडियर आणि यंग हान ली या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेवरील एका बैठ्या खेळाच्या लिलावांची तपासणी केली, तेव्हा ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्याच संकेतस्थळावर उपलब्ध असलेल्या ठरावीक किमतीच्याही वर गेलेली आढळली. बोली चढू लागली की जिंकण्याची ईर्षा हिशेबावर मात करते.

आतापर्यंतच्या प्रकारांत गिफ्ट कार्ड हा माल होता. ते मोबदला म्हणून मागितले जाते, तेव्हा नुकसान कितीतरी मोठे होते. अमेरिकेत जुन्या मोटारीची जाहिरात भलत्याच ठिकाणी दिली जाते, व्यवहार ईबेच्या संरक्षणाखाली होईल असे आश्वासन मिळते, कंपनीचे बोधचिन्ह असलेला हुबेहूब ईमेल येतो, आणि गाडीची रक्कम ईबेच्याच गिफ्ट कार्डांत भरून त्यांचे क्रमांक कळवण्यास सांगितले जाते. क्रमांक कळवले की पैसे गेले, आणि गाडी मुळात नसतेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२१ च्या पहिल्या नऊ महिन्यांतच गिफ्ट कार्डांमार्गे गेलेल्या १४.८ कोटी डॉलरच्या तक्रारी आल्या होत्या. या धंद्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो, हे खेदाने नोंदवावे लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेथून अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना धमकावले जात होते आणि वसुलीसाठी आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांचाही वापर होत होता.

म्हणून कार्ड हवेच असेल, तर ते थेट कंपनीकडून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. लिलावातून घ्यायचेच ठरले, तर पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत, कारण अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यानुसार चुकीच्या आकारणीला विवरण पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. पेपालवर मित्र-नातलगांना पाठवण्याच्या पर्यायातून पैसे दिले, तर खरेदीचे संरक्षण मिळत नाही, आणि फसवणारा नेमका त्याच पर्यायाचा आग्रह धरतो. शिल्लक केवळ कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासावी, कारण शोधयंत्रात वर येणारी शिल्लक दाखवणारी बनावट पाने क्रमांक चोरण्यासाठीच मांडलेली असतात. कार्ड हाती येताच ते खर्च करावे, आणि खरेदी पार पडेपर्यंत अभिप्राय देऊ नये.

ईबेची भारतातील शाखा २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे मराठी वाचकाचा या लिलावांशी संबंध येतो तो मुख्यतः परदेशी शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आप्तांमार्फत. मात्र अर्ध्या किमतीत व्हाउचर विकणारे अनोळखी लोक येथेही समाजमाध्यमांवर भेटतात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका गिफ्ट प्रीपेड कार्डाचे कमाल मूल्य १०,००० रुपये असते आणि त्यातून रोख काढता येत नाही. फसवणूक लक्षात येताच कार्ड काढणाऱ्या कंपनीला क्रमांक आणि खरेदीची पावती दाखवून उरलेली शिल्लक गोठवण्यास सांगावे, आणि भारतात १९३० या हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी. कार्डातील रक्कम पूर्ण खर्च झालेली नसेल, तर पहिल्या काही तासांत ती वाचण्याची शक्यता असते.