एमजीबीचा हीटर: ऐकीव काय, खरं काय

एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार खोलून नव्याने उभी करायला घेतली की हीटरची पेटी बहुतेक वेळा गॅरेजच्या कोपऱ्यात जाते आणि तिथेच राहते. ‘आपल्याकडे हीटर कशाला? उकाडा काय कमी आहे?’ असं मालक म्हणतो, मेस्त्रीही मान डोलावतो, आणि फायरवॉलच्या भोकांवर पत्रा ठोकला जातो. मग जुलैत तीच गाडी आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेजला निघते. मढ मागे पडेपर्यंत पुढची काच आतून पांढरी झालेली असते. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फडकं, आणि समोरून येणाऱ्या टेम्पोचे फक्त दिवे दिसताहेत.

हीटर फक्त थंडीसाठी, हाच मुळात गैरसमज. जुन्नर-आंबेगावात पौष-माघात रात्री हुडहुडी भरते हे खरं, पण हीटरची खरी गरज लागते ती पावसाळ्यात, माळशेजला आणि घोडेगावहून भीमाशंकरला चढताना. बाहेरच्या पावसाने काच गार पडते आणि आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ तिच्यावर धरते. कोमट हवेचा झोत काचेचं तापमान दवबिंदूच्या वर नेतो आणि वाफ धरायची थांबते. फडक्याने पुसलेली काच दोन मिनिटांत पुन्हा पांढरी होते, कारण काच गारच राहिलेली असते.

आणखी एक ऐकीव गोष्ट म्हणजे हीटर पेट्रोल खातो. इंजिन थंड ठेवताना पाण्यात उतरलेली जी उष्णता रेडिएटर एरवी बाहेर फेकून देतो, तीच हीटर वापरतो. जादा खर्च होतो तो ब्लोअरला लागणाऱ्या विजेचा, आणि तो किरकोळ. हीटर चालू केला की इंजिन तापतं हे तर नेमकं उलटं आहे. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला तर हीटरला गरम पाणी सोडणारा कॉक पूर्ण उघडून ब्लोअर लावावा. पाय भाजतील, पण हीटर छोट्या रेडिएटरचं काम करतो. अर्थात हा तात्पुरता इलाज, मूळ रेडिएटर साफ करण्याला तो पर्याय नाही.

‘विलायती गाडी, आपल्या मेस्त्रीला काय जमणार?’ ही शंका मला सगळ्यात कमी पटते. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी’ मालिकेतलं, आणि आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीची एमजीए तर सुरुवातीला याच १४८९ सीसीवर धावत होती. ज्याने मंचर-नारायणगावात अँबॅसडरची हेडं उतरवली आहेत, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं काही परकं वाटत नाही. हीटरचा कॉक एमजीबीच्या हेडच्या मागच्या टोकाला, प्लगांच्या बाजूला बसतो. डॅशबोर्डवरचा नॉब त्याला ज्या केबलने ओढतो ती बाउडन केबल. तिचं ब्रिटिश पेटंट १८९६चं. सायकलचा ब्रेक आणि मोटरसायकलचा क्लच आजही त्याच तत्त्वावर चालतात.

खरा घोळ होतो तो जोडणीत. नॉब ‘बंद’वर असूनही पाय भाजत असतील तर कॉक बिघडला असं गृहीत धरून नवा मागवला जातो. बहुतेकदा कॉक चांगलाच असतो, केबल चुकीच्या जागी आवळलेली असते. आधी नॉब ‘बंद’वर न्यायचा, मग कॉकची दांडी हाताने पूर्ण बंद करायची, आणि मगच आतल्या तारेचा स्क्रू आवळायचा. बाहेरचं आवरण क्लिपेत पक्कं धरलेलं हवं. ते सैल राहिलं तर अख्खी केबल मागेपुढे हलते आणि कॉक जागचा हलत नाही. नॉब जड चालतो म्हणून पकडीने फिरवू नये, केबलला कुठे तीव्र वळण पडलंय ते बघावं. नॉब उपटायचाही नाही. बऱ्याच नॉबना खालून बारीक भोक असतं, आत स्प्रिंगवरची पिन असते. ती टाचणीने दाबली की नॉब अलगद हातात येतो.

‘गरम हवा येत नाही, म्हणजे हीटरमधली पाण्याची जाळी चोंदली.’ इतक्यात नाही. इंजिन तापल्यावर, कॉक उघडा ठेवून, हीटरला जाणाऱ्या आणि परतणाऱ्या दोन्ही होजना हात लावून बघा. दोन्ही गार असतील तर कॉक किंवा केबल. जाणारी गरम आणि परतीची गार असेल तर आत हवा अडकली आहे किंवा जाळी खरोखर चोंदली आहे. पाणी भरताना कॉक बंद असेल तर हवा हमखास अडकते. पण दोन्ही होज गरम असूनही काचेवर गार हवा येत असेल, तर दोष पाण्याचा नाही, हवेच्या वाटेचा.

आणि ही वाटच सगळ्यात दुर्लक्षित. पेटीच्या आतल्या झडपांवर आणि पेटी जिथे बॉडीला टेकते तिथे फोमच्या पट्ट्या असतात. इतक्या वर्षांत त्यांचा भुगा होतो, बोट लावलं तरी झडतात. पेटीला बाहेरून रंग मारून, आत फोम न घालता ती परत बसवली, तर हवा काचेऐवजी फटीतून निसटते. बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम योग्य जाडीचा कापून चिकटवावा आणि डॅशबोर्ड लावण्याआधी झडप दोन्ही टोकांना घट्ट मिटते का ते बघावं, कारण नंतर ही पेटी काढणं म्हणजे शिक्षा आहे. पायाशी, गिअरच्या बोगद्याच्या दोन्ही बाजूंना हाताने उघडायची दारं असतात, तीही मिटली पाहिजेत. नाहीतर काचेचा वाटा पायांकडे जातो.

वारा कमी येण्याचं आणखी एक कारण वायरिंगमध्ये असतं. १९६७पर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. आता त्या बहुधा निगेटिव्हवर बदलून घेतात. ब्लोअरची मोटर कायम चुंबकाची असेल तर ती मग उलटी फिरते. पंखा फिरतो, आवाजही येतो, फक्त वारा निम्माशिम्मा. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम होतं.

‘बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, बोअरचं पाणी चालतं’ हेही ऐकू येतं. या इंजिनाचे ब्लॉक आणि हेड बिडाचे. साध्या पाण्याने गंज सुटतो, बोअरच्या जड पाण्याने क्षार धरतात, आणि हे सगळं हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घालावं. त्यातली गंजरोधकं इथे गोठणबिंदूपेक्षा महत्त्वाची.

हीटर काढून टाकण्याआधी कायद्याचाही विचार व्हावा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी अशी अपेक्षा आहे. तो नियम चॅसी, बॉडी, इंजिनाबद्दल बोलतो, हीटरचं नाव घेत नाही. तरी भोकांवर ठोकलेला पत्रा मूळ स्वरूपात कसा बसवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शेवटचा गैरसमज ओल्या कार्पेटचा. पायाशी पाणी दिसलं की हीटर गळतो असं ठरतं. काचेपुढच्या जाळीतून हवा ज्या कप्प्यात येते त्यातच पावसाचं पाणीही उतरतं, आणि ते बाहेर न्यायला एक नळी असते. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाणी आत सांडतं. कूलंट चिकट आणि रंगीत असतं, पावसाचं पाणी तसं नसतं, त्यामुळे बोट लावल्यावर फरक कळतो. भीमाशंकरच्या झाडीत गाडी उभी करणाऱ्यांनी मृगाआधी ही नळी तारेने साफ करावी आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली उतरतंय का बघावं.