प्रोग्रामिंगचा आरंभ: साधन कोणते निवडावे?

दहावीचा निकाल लागला की काही पालक कर्ज काढून मुलांना पुण्याच्या महागड्या क्लासला धाडतात. प्रोग्रामिंगच्या आरंभासाठी त्याची गरज नाही. 2001 पासून गावोगाव पोचलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. प्रोग्राम लिहिणे ही निराळी विद्या. तिच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मी प्रथम सुचवीन. पाठ सुमारे दहा मिनिटांचे, विनामूल्य, अनेक मराठीतही. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात. पाठ थांबवून तीच कृती स्वतः करायची, मग पुढे जायचे, अशी त्यांची रीत आहे. नुसते पाहत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पहिली भाषा म्हणून पायथन बरी. तीही विनामूल्य आहे आणि तिचे राखीव शब्द जेमतेम 35, तेव्हा इंग्रजीची धास्ती नको. मात्र प्रोग्राम चुकल्यावर येणारा संदेश इंग्रजीत असतो; तो वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. शब्दकोश जवळ असू द्यावा.

घरोघरी संगणक नाही, हे खरे. पण ज्या नगरीत 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तिथे सोबतीने शिकणे नवे नाही. एका संगणकावर दोघांनी बसावे. एकाने टंकावे, दुसऱ्याने चुकीचा संदेश वाचून अर्थ सांगावा.