पाण्याची वाटणी

नळाला पाणी कमी आले की मोहल्ल्यात काय होते, हे तुम्ही पाहिले असेल. हंडे-कळशांची रांग लागते. पुढचा माणूस दोन हंडे जास्त भरतो आणि मागच्याची घागर रिकामी राहते. मग भांडण होते. गावांचे आणि शहरांचेही असेच आहे. पाणी पिण्यासाठी हवे, शेतीला हवे आणि कारखान्यांनाही हवे. पाणी मात्र तेवढेच असते. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

पाणी कमी असले की दोन प्रश्न उभे राहतात. ते साठवायचे कसे? आणि वाटायचे कसे? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे एक चांगले उत्तर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सापडले.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागले. ते पाहून पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घालून पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवले. ते जमिनीत मुरले, विहिरीला पाणी आले आणि माळावर धान्य पिकले. मग आसपासचे शेतकरी एकत्र आले. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे मुख्य नियम असे होते :

१. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्ध्या एकराचे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे.
२. ज्याच्याकडे जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा मिळेल.
३. उसासारखे फार पाणी लागणारे पीक घ्यायचे नाही.
४. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही.

तुम्ही विचाराल, ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, यात चूक काय? एक हिशेब करून पाहा. समजा, एका घरात पाच माणसे आणि ३० एकर जमीन आहे. शेजारच्या घरातही पाचच माणसे, पण जमीन ३ एकर. जमिनीप्रमाणे वाटले तर पहिल्या घराला दहापट पाणी जाईल. माणशी वाटले तर दोन्ही घरांना सारखेच मिळेल. भूक तर दोन्ही घरांत सारखीच असते!

तिसरा नियमही महत्त्वाचा आहे. एक एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात ज्वारी-बाजरीची कितीतरी एकर शेती होते. एकाच्या उसासाठी अनेकांची भाकरी जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

मोठ्या जमीनदाराला हे नियम पटणे सोपे नव्हते. साऱ्या महाराष्ट्राने ते स्वीकारले नाहीत. तरीही त्यांतून एक गोष्ट शिकता येते. पाणी कमी असले तरी वाटणी न्यायाची असेल, तर सर्वांचे निभावते. वाटणी अन्यायाची असेल, तर भरलेले धरणही पुरत नाही. तेव्हा पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल, तेव्हा मागच्या घागरीचाही विचार करा.

शब्दार्थ : पडीक – न पिकवलेली, माळ – उंचावरील खडकाळ जमीन, मुरणे – जमिनीत शिरणे, निभावणे – भागणे.

स्वाध्याय
१. पाणी पंचायतीने ऊस घेण्यास मनाई का केली?
२. तुमच्या शाळेच्या टाकीतील पाण्याच्या वाटपासाठी तीन नियम लिहा.