स्नूकरमधलं फिक्सिंग : ऐकीव आणि खरं

मे 2025 मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये चीनच्या झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला 18-12 असं हरवलं आणि स्नूकरचं व्यावसायिक विश्वविजेतेपद पहिल्यांदा आशियात आलं. त्याचं कौतुक सुरू होतं, तेव्हाच दुसरीकडे ‘हा तर मॅच फिक्स करणारा, याला खेळू दिलंच कसं?’ असंही बोललं जात होतं.

झाओने स्वतः एकही सामना फिक्स केलेला नव्हता. जून 2023 मध्ये दहा चिनी व्यावसायिक खेळाडूंना शिक्षा झाली, त्यात तो होता हे खरं. दुसऱ्या एका खेळाडूने दोन सामने फिक्स केले, त्यात झाओचा सहभाग होता आणि त्याने स्नूकरच्या सामन्यांवर पैसेही लावले होते. त्याने गुन्हा लवकर कबूल केला आणि त्याला 20 महिन्यांची बंदी झाली. ती 1 सप्टेंबर 2024 ला संपली. परतला तेव्हा व्यावसायिक दौऱ्यावर त्याला जागा उरली नव्हती. हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीचे चार सामने जिंकून तो क्रूसिबलपर्यंत पोचला आणि उपांत्य फेरीत त्याने रॉनी ओसलिव्हनला 17-7 असं नमवलं. त्याचा गुन्हा किरकोळ होता असं मी म्हणणार नाही. पण शिक्षा भोगून झाल्यावर न केलेला गुन्हाही त्याच्या नावावर चढवणं अन्यायाचं आहे.

फिक्सिंग म्हणजे मोठ्या अंतिम सामन्यात मुद्दाम हरणं, अशीच आपली कल्पना असते. पण सट्टा फक्त निकालावर लागत नाही. नेमका स्कोअर काय लागेल, पहिली फ्रेम, म्हणजे पहिला डाव, कोण घेईल, यावरही लागतो. एकेकाळी जागतिक क्रमवारीत पाचव्या स्थानावर असलेल्या इंग्लंडच्या स्टीफन लीवर 2008 आणि 2009 मधल्या सात सामन्यांबद्दलचे आरोप सिद्ध झाले. त्यांत काही ठिकाणी सामना हरणं होतं, काही ठिकाणी ठरलेल्या स्कोअरने हरणं होतं, तर काही ठिकाणी फक्त पहिली फ्रेम सोडणं होतं. स्नूकरमध्ये हे सोपं आहे. टेबलापाशी एका वेळी एकच जण असतो. खिशात घालायचा चेंडू (पॉट) केसभराने हुकला किंवा बचावाचा फटका (सेफ्टी) जरा आखूड पडला, तर नुसत्या नजरेला त्यात हेतू दिसत नाही. म्हणून संशयाची सुरुवात बहुतेकदा सट्टाबाजारातून होते. ज्या सामन्याकडे एरवी कुणी ढुंकून पाहत नाही, त्याच्या एकाच स्कोअरवर अचानक पैसा ओतला जातो, तेव्हा सट्टा कंपन्या आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या संस्था नियामक मंडळाला कळवतात. मग फोन, संदेश आणि बँक खाती तपासली जातात.

‘हा चिन्यांचाच रोग’ हे तर सरळ खोटं आहे. ली इंग्रज. 2016 मध्ये नॉर्दर्न आयर्लंड ओपन जिंकणारा मार्क किंगही इंग्रजच. 2023 च्या वेल्श ओपनमधल्या सामन्याच्या फिक्सिंगबद्दल त्याला पाच वर्षांची बंदी झाली. 2015 चा विश्वविजेता स्टुअर्ट बिंगहॅम सट्टा खेळल्याबद्दल 2017 मध्ये निलंबित झाला. त्याने सामना विकला नव्हता. पण व्यावसायिक खेळाडूने स्नूकरवर कुठलाही पैसा लावायचा नाही, असा नियम आहे. कुणी गळ घातली आणि ती नियामक मंडळाला कळवली नाही, तरी तोही गुन्हाच.

2023 च्या प्रकरणात चिनी खेळाडू इतके का अडकले, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. कोविडमुळे 2020 पासून 2023 पर्यंत चीनमधल्या मोठ्या स्पर्धा बंद होत्या. कोवळ्या वयाची मुलं घरापासून हजारो मैलांवर, इंग्लंडमध्ये, आपापसातच राहत होती. ज्यांच्याकडे मोठा भाऊ म्हणून पाहायचं, त्या लियांग वेनबो आणि ली हांग यांनीच इतरांना यात ओढलं, असा निष्कर्ष निघाला. दोघांवर तहहयात बंदी आली. तरीही सगळं परिस्थितीवर ढकलता येत नाही. विसाव्या वर्षी 2021 ची मास्टर्स स्पर्धा जिंकलेला यान बिंगताओ उपाशी नव्हता, आणि त्यालाही पाच वर्षांची बंदी झाली.

या खेळात पैसा नाही असंही म्हणतात. वर तो भरपूर आहे. विश्वविजेत्याला पाच लाख पौंड मिळतात, आणि 2024 मध्ये सौदी अरेबियातल्या मास्टर्स स्पर्धेत जड ट्रम्पने तेवढेच जिंकले. चणचण असते ती खाली. स्नूकरपटूला पगार नाही. जिंकाल तेवढं तुमचं. प्रवास, हॉटेल, सरावाचं टेबल, सगळं खिशातून. 2022-23 पासून दौऱ्यावरच्या खेळाडूला हंगामाला किमान 20 हजार पौंडांची हमी मिळू लागली. फिक्सिंगचं प्रकरण फुटलं तेही त्याच हंगामात.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. भारतीय खेळाडू ‘विश्वविजेता’ झाल्याच्या बातम्या येतात, त्या हौशी स्पर्धांच्या असतात. 1984 मध्ये ओम अग्रवाल आणि 2003 मध्ये पंकज अडवाणी यांनी जिंकली ती हौशी गटाची विश्वविजेतेपदं. ती मोठीच आहेत, पण व्यावसायिक दौरा वेगळा. तिथे मुंबईच्या आदित्य मेहताने 2013 मध्ये इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत धडक मारली आणि डिंग जुनहुईकडून तो हरला. क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या (मानांकन) स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. अडवाणीने दोन हंगाम खेळून 2014 मध्ये तो दौरा सोडला. त्या दौऱ्यावर टिकायचं तर वर्षातला बराच काळ ब्रिटनमध्ये काढावा लागतो, आणि मुंबई-पुण्याच्या क्लबांतून उद्या जो मुलगा तिकडे जाईल, त्याचाही खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होईल. हमीपलीकडचा बक्षिसाचा पैसा मात्र सामने जिंकल्यावरच येईल.