धक्का बंदुकीला, कसोटी स्क्रूची

गोळी पुढे सुटली की बंदूक मागे येते, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण तुम्ही वर्गात सोडवले असेल. पण त्या बंदुकीवर दुर्बीण बसवलेली असली, तर तिचे काय होते?

आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र हरणाच्या शिकारीसाठी दुर्बीण लावलेल्या रायफली सर्रास वापरतात. तिथले १९०६ सालापासून चालत आलेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस घेऊ. गोळी सुमारे १० ग्रॅमची, वेग सेकंदाला ८५० मीटर. दुर्बिणीसह रायफल ४ किलोग्रॅमची धरा. संवेग अक्षय्यतेचा नियम लावला, की रायफलीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला २ मीटरहून थोडा अधिक येतो. गोळीमागून सुटणारा वायू तर आपण हिशेबात धरलेलाच नाही.

वेग मामुली वाटतो ना? पण तो येतो सुमारे एक सहस्रांश सेकंदात! म्हणजे त्वरण झाले गुरुत्वत्वरणाच्या २०० पट. अर्धा किलोची दुर्बीण बरोबर ओढून न्यायला १००० न्यूटन बल हवे. जणू क्षणभर तिच्यावर १०० किलोचे पोते लटकले.

हे बल दुर्बिणीला देणार कोण? तिला आवळून धरणाऱ्या दोन कड्या, आणि तेही केवळ घर्षणाने. घर्षणगुणांक ०.२ धरला, तर कड्यांचा दाब ५००० न्यूटन हवा. मग स्क्रू जीव खाऊन पिळावेत काय? मुळीच नाही. दुर्बिणीची नळी पातळ असते; ती चेपते आणि आतली भिंगे अडकतात. म्हणून कड्यांच्या स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर एवढाच पीळ देतात. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले, की एवढा पीळ मिळतो. नळीवरचे तेल आधी पुसायचे, कारण तेलाने पकड सुटते. स्क्रूच्या आट्यांना तेल लागले तर उलटेच होते: तेवढ्याच पिळात स्क्रू जास्त आवळला जातो!

आता दिशा पाहा. जडत्वामुळे दुर्बीण जागीच राहू पाहते आणि रायफल खालून मागे निसटते. म्हणजे रायफलीच्या दृष्टीने दुर्बीण पुढे सरकते. म्हणूनच जाणकार लोक कडीचा आडवा खिळा खाचेच्या पुढच्या कडेला टेकवून मगच आवळतात.

दुर्बीण सरळ पुढे घसरली तर नेम फारसा बिघडत नाही. बिघडतो ती तिरकी झाल्यावर. कड्यांमधील अंतर १० सेंटिमीटर असेल आणि एक कडी केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर, बाजूला सरली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. छातीऐवजी पोटात गोळी लागलेले हरीण तत्काळ मरत नाही, तासन्‌तास तडफडते.

एक गंमत राहिली. छर्रे मारणाऱ्या स्प्रिंगच्या हवाई बंदुकीची ताकद या रायफलीपुढे काहीच नाही, तरीही ती चांगल्या दुर्बिणी खिळखिळ्या करते! तिच्यात जड दट्ट्या पुढे झेपावतो, तेव्हा बंदूक मागे येते. मग दट्ट्या एकदम थांबतो आणि बंदुकीला पुढे हिसका बसतो. हा दुसरा हिसका अधिक जोराचा असतो, आणि नेहमीच्या दुर्बिणीची भिंगे त्या दिशेचा मार सोसण्यासाठी बसवलेली नसतात. अशा बंदुकीवर दुर्बीण घसरू नये म्हणून अटकाव लावायचा, तर तो कडीच्या पुढे की मागे? वरचाच युक्तिवाद वापरून तुम्ही ठरवा.