गाडी मागून बसलीय? उचला, पण बेतानं!

जुन्या स्टेशन वॅगनला नव्या स्प्रिंगा घालायच्या म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, 'किती उचलू?' खरा प्रश्न वेगळाच असतो!

सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिरका कापत, एकेक चाक चढवत जाणारी गाडी दिसली की खुशाल समजावं, हिच्या स्प्रिंगा थकल्यात. आता कुणी म्हणेल, दोष स्पीडब्रेकरचा. तोही असतोच! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोलसर स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतला टेप लावून मोजा आणि मग बोला. पण गल्लीतला स्पीडब्रेकर आपल्या हातात नाही. गाडी आहे.

त्यातही वॅगनवाल्यांचं दुखणं जास्त. १९९२मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग आणि २००४मध्ये टाटा इंडिगो मरिना. आपल्याकडे लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडी हवी होती, त्यामुळे वॅगनचं मार्केट कधी जमलंच नाही. पण ज्यांच्या घरी वॅगन आहे, ते तिला सहजासहजी सोडत नाहीत. मागे सामानाची ही एवढी जागा, म्हणून सामानही ही एवढं. शिक्षा शेवटी मागच्या स्प्रिंगांना!

आमच्या घरची वॅगन याच पिढीतली. आजीची व्हीलचेअर घडी करून मागे टाकली तरी दोन बॅगा आणि आंब्याची पेटी आरामात मावते. पण गेल्या दोन वर्षांत गाडी मागून बसत गेली. घरचे सगळे बसले की पोट घासायचं. त्याहून वाईट म्हणजे मागची सीट व्हीलचेअरच्या पातळीखाली गेली. आजी सरकून गाडीत बसते. बसताना उतार चालतो, पण उतरताना तिला तेवढंच वर उचलावं लागायचं. बाबा म्हणाले, 'विकून टाकू.' मेस्त्री म्हणाले, 'ताई, दोन इंच उचलून देतो, टेन्शन नाही!' आजीनं फक्त विचारलं, 'म्हणजे आता मला वर चढायला लावणार का?'

करेक्ट! आजीला उंच गाडी नको होती. तिला गाडी होती तेवढीच हवी होती.

थकते म्हणजे काय होते?

आपल्याला वाटतं, स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडते. तसं फारसं होत नाही. पोलादाचा ताठपणा जवळपास तोच राहतो. वर्षानुवर्षं ओझ्याखाली दबून स्प्रिंग कायमची बुटकी होते, एवढंच. म्हणजे स्प्रिंग घेताना प्रश्न दोन असतात: किती उंच आणि किती कडक? गॅरेजमध्ये या दोन्हींची हमखास खिचडी होते.

कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर. जाडीचा हिशेब तर जबरदस्त आहे. १२ मिलिमीटरची तार १३ची केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते! एक वेटोळं कापलं तर स्प्रिंग बुटकी होते आणि वर कडकही होते.

सोपं उदाहरण घेऊ. समजा, मागची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला अडीच किलो लागतात. मागच्या चाकांवर १०० किलो वजन वाढलं, म्हणजे प्रत्येक बाजूला ५०. गाडी साधारण २० मिलिमीटर खाली जाणार. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर १०. ऐकायला भारी वाटतं! पण एरवी गाडी रिकामीच फिरते, तेव्हा प्रत्येक खड्डा थेट कमरेत. शिवाय जुन्या शॉकअपना ती कडक स्प्रिंग आवरत नाही आणि गाडी उड्या मारत राहते.

आधी टेप, मग पैसे

सपाट जागी, गाडी रिकामी ठेवून मी मापं घेतली. जमिनीपासून नाही, तर चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. म्हणजे टायरमधली हवा आणि टायरची झीज मापात येत नाही. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा आमची गाडी मागे डावीकडे ३५ आणि उजवीकडे २८ मिलिमीटर खाली होती. पुढे फरक नगण्य. म्हणजे चारही नाही, फक्त मागची जोडी बदलायची.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्प्रिंगच्या वरचं रबरी माउंटिंगही चेपलं होतं. नुसतं तेच बसलं असेल तरी गाडी थोडी खाली येते, तेव्हा ते आधी बघायचं.

मार्केटमध्ये काय मिळतं?

नाना पेठेत विचारत फिरलं की पर्याय भरपूर. पहिला, वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर. स्वस्त आणि मस्त वाटतात, पण जिथे बसतात तिथली वेटोळी जखडतात. मग स्प्रिंग कडक होते आणि बाकीच्या वेटोळ्यांवर ताण वाढतो. दुसरा, स्प्रिंगच्या टोकाला स्पेसर. यानं उंची वाढते, कडकपणा तोच राहतो. मात्र शॉकअप कायमचा जास्त ताणलेला राहतो आणि चाक खाली यायला जागा कमी उरते. तिसरा, दुसऱ्या जड गाडीची स्प्रिंग. तिचा हिशेब दुसऱ्याच गाडीसाठी केलेला! आणि चौथा, आपल्याच मॉडेलची, मूळ मापाची नवी स्प्रिंग. पण सेदान आणि वॅगनच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, म्हणून पार्ट नंबर आणि स्प्रिंगवरच्या रंगाच्या खुणा जुळवून घ्यायच्या.

आम्ही चौथा पर्याय घेतला, सोबत नवी माउंटिंग आणि शॉकअप. आता आजीची सीट आणि व्हीलचेअर एका पातळीत आहेत. गाडी विकायचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही.

उचलली की काय काय हलतं?

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, मग टायर एका कडेनं झिजतात. पुढून जास्त उचलली तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. काही वॅगनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह सस्पेन्शनला जोडलेला असतो. गाडी मागून उंच दिसली की त्याला वाटतं, गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो! मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, ते वेगळंच.

कायद्याचंही लक्षात ठेवा. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडीत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं आहे. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला आरसी नूतनीकरणासाठी तपासणीला जावंच लागतं. मूळ मापाची स्प्रिंग असेल तर तिथे प्रश्नच येत नाही.

शॉपिंगला निघण्याआधी

- चारही कोपरे मोजा आणि आकडे लिहून ठेवा.
- स्प्रिंगा जोडीनंच बदला, एकेक कधीच नाही.
- हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.
- बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं.
- नवी स्प्रिंग थोडी बसते. काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजा, मग अलाइनमेंट करा आणि हेडलाइट सेट करून घ्या.
- मेस्त्रींनी विचारलं, 'किती उचलू?', तर सांगा, 'होती तेवढी!'