उष्णयोग : नवसाधकांसाठी प्रास्ताविक विवेचन

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील पुनावळे हे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीप्रधान गाव होते. एका बाजूस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवड व चाकणचा कारखानदारी पट्टा यांमुळे आज तेथे बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. बैठे काम, पाळ्यांची नोकरी व रोजचा प्रवास यांतून उद्भवणाऱ्या पाठदुखी, स्थूलता आणि मानसिक ताण यांवर उपाय म्हणून येथील नोकरदार व विद्यार्थी योगाकडे वळतात. त्यांना आकर्षित करणारा एक आधुनिक प्रकार म्हणजे ‘हॉट योगा’ होय. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘उष्णयोग’ ही संज्ञा वापरली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी अशा विषयांत प्राध्यापकांचा सल्ला घेतात. म्हणून या प्रकाराचा उगम, उष्णतेचे शरीरावरील परिणाम आणि नवसाधकाने पाळावयाचा क्रम यांचे विवेचन करणे हा या लेखाचा हेतू आहे. उष्णता हा योगाचा गाभा नसून शरीरावरील एक अतिरिक्त भार आहे, आणि भार नेहमी क्रमाक्रमानेच वाढवावा लागतो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

१. उष्णयोगाचा उगम :

उष्णयोगाचा सर्वाधिक परिचित प्रकार बिक्रम चौधरी यांच्या नावाने ओळखला जातो. कोलकात्याचे व्यायामतज्ज्ञ बिष्णू चरण घोष (१९०३–१९७०) हे त्यांचे गुरू होत. घोष हे परमहंस योगानंद यांचे धाकटे बंधू होते. १९७० च्या दशकात चौधरी यांनी अमेरिकेत या पद्धतीचा प्रसार केला. या क्रमात २६ आसने व २ श्वसनक्रिया असून तो ९० मिनिटांत पूर्ण केला जातो. खोलीचे तापमान सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस व आर्द्रता सुमारे ४० टक्के ठेवली जाते. या आसनक्रमावर स्वामित्वहक्क मिळू शकत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. चौधरी यांच्यावर लैंगिक छळाचे गंभीर आरोपही झाले, तथापि पद्धतीचे मूल्यमापन व्यक्तीपासून वेगळे करणे आवश्यक आहे. आज अनेक केंद्रे ‘बिक्रम’ हे नाव न वापरता, कमी-अधिक तापमानात, निरनिराळे आसनक्रम शिकवितात. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी तापमान, आर्द्रता व कालावधी यांची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

२. उष्णतेचे शरीरावरील परिणाम :

मानवी शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्वचेपेक्षा अधिक उष्ण असेल तर शरीराकडे थंड होण्याचा घाम हा एकच प्रमुख मार्ग उरतो. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाल्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकली जाते. मात्र जो घाम निथळून जमिनीवर पडतो तो शरीर थंड करीत नाही. आर्द्रता वाढली की बाष्पीभवन मंदावते. म्हणजेच भरपूर घाम येणे हे व्यायाम परिणामकारक झाल्याचे प्रमाण नव्हे.

याच वेळी त्वचेकडे अधिक रक्त वळविले जाते आणि हृदयाची गती वाढते. बराच काळ खाली वाकून एकदम उभे राहिल्यास चक्कर येते ती यामुळेच. उष्णतेने स्नायू सैल होऊन लवचीकता वाढल्याचा अनुभव येतो. परंतु तो अनुभव फसवा ठरून अस्थिबंधांवर क्षमतेपलीकडे ताण पडू शकतो. वर्गानंतर वजन एक किलोने घटले तर ती मुख्यतः एक लिटर पाण्याची घट असते, चरबीची नव्हे. ‘घामावाटे विषद्रव्ये बाहेर पडतात’ हा दावाही तपासून घ्यावा. कारण शरीरातील त्याज्य द्रव्यांचा निचरा करण्याचे कार्य प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात.

३. संशोधनाचे निष्कर्ष :

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० व्यक्तींचे अंतर्गत तापमान ९० मिनिटांच्या बिक्रम वर्गात मोजण्यात आले. पुरुषांचे सर्वोच्च तापमान सरासरी सुमारे ३९.६ अंश, तर स्त्रियांचे सुमारे ३८.९ अंश आढळले. उष्माघाताची मर्यादा ४० अंशांच्या आसपास मानली जाते, हे लक्षात घेतल्यास सुरक्षिततेचे अंतर किती अल्प आहे हे स्पष्ट होते. २०१८ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी तोच आसनक्रम एका गटाकडून ४०.५ अंशांत व दुसऱ्याकडून २३ अंशांत १२ आठवडे करून घेतला. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत दोन्ही गटांत सुधारणा दिसली. या निकषापुरते तरी श्रेय आसनांना द्यावे लागते, उष्णतेला नव्हे.

४. योगपरंपरेची दृष्टी :

पतंजलींनी आसनाचे लक्षण स्थैर्य व सुख असे सांगितले आहे. हठयोगप्रदीपिकेत प्राणायामातून येणाऱ्या घामाचा उल्लेख आहे. पण तो अभ्यासातून उत्पन्न होणारा घाम आहे, तापविलेल्या खोलीतील नव्हे. घेरण्डसंहितेत तर योगाभ्यासाचा आरंभ वसंत व शरद ऋतूंत करावा, ग्रीष्मात करू नये, असे बजावले आहे. आपल्या परिसरात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याची परंपरा सुरू केली. उष्णयोगाचे दावेही याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजेत.

५. नवसाधकांसाठी क्रम :

अ) प्रथम किमान दोन महिने सामान्य तापमानात, जाणकार शिक्षकाकडून मूलभूत आसने शिकावीत.

आ) उष्ण वातावरणाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. उष्ण जागी काम करणाऱ्या नव्या कामगारांसाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने पहिल्या दिवशी नेहमीच्या कालावधीच्या २० टक्के आणि पुढे रोज तितकीच वाढ असा नियम सुचविला आहे. भट्टीजवळच्या कामगाराला लागू होणारा हा विवेक साधकालाही लागू करावा. पहिल्या दिवशी १५ ते २० मिनिटे पुरेत. आठवड्याहून अधिक खंड पडल्यास पुन्हा कमी वेळेपासून आरंभ करावा.

इ) वर्गापूर्वी दोन-तीन तास जड जेवण टाळावे. मात्र उपवासाच्या दिवशी, जागरणानंतर किंवा रात्रपाळी करून थेट वर्गास जाऊ नये.

ई) वर्गापूर्वी व नंतर वजन करावे. घटलेल्या वजनाइतके पाणी हळूहळू भरून काढावे. सोबत मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-सरबत घ्यावे. एकदम अतिरिक्त साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते.

उ) हवे तेव्हा बसण्याची व खोलीबाहेर जाण्याची मुभा नसेल, असा वर्ग स्वीकारू नये.

६. निषेध व धोक्याची लक्षणे :

गर्भवती स्त्रिया, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा मधुमेह असलेल्या व्यक्ती, तापातून उठलेले रुग्ण आणि पूर्वी उष्माघात झालेल्या व्यक्ती यांनी उष्णयोग टाळावा. लघवीचे प्रमाण वाढविणारी, रक्तदाबाची वा मानसोपचाराची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चक्कर, मळमळ, तीव्र डोकेदुखी वा पेटके जाणवताच अभ्यास थांबवून थंड जागी यावे. बोलण्यात असंबद्धता वा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घालावा, बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

समारोप :

पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या जवळ पोहोचते. पत्र्याचे छप्पर असलेल्या, वारा न खेळणाऱ्या सभागृहात अशा दुपारी घेतलेला साधा योगवर्गसुद्धा नकळत उष्णयोगच ठरतो, आणि तोही कोणत्याही पूर्वतयारीविना. म्हणून महाविद्यालयांनी योगवर्गांची वेळ सकाळची ठेवावी, सभागृहात तापमापक लावावा आणि सहभागी विद्यार्थ्यांच्या आरोग्याची पूर्वमाहिती घ्यावी. ज्यांना उष्णयोग करावयाचाच आहे, त्यांनी तो जरूर करावा. परंतु आधी योग शिकावा आणि मगच उष्णता वाढवावी.